अष्टमीची ओहोटी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणारा शेवटपर्यंत दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या देत बसतो, आणि ज्यांना देतो ती माणसं खरोखर चांगली होती. दुखणं तेच आहे. वाईट माणसांवर निदान तोंड तरी टाकता येतं.

मी सरू. पेणच्या खाडीकाठच्या खारवेली गावात अंगणवाडी चालवते. माहेर हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्यातलं. लहानपणापासून हात रंगाने भरलेले आणि तिथी माहीत फक्त एक, चतुर्थी. लग्न होऊन इथे आले तर सासऱ्यांच्या बोटांवर अख्खं पंचांग. आज पंचमी, म्हणजे भरती अमक्या वेळेला. आज दशमी, म्हणजे पाणी चढायला लागलं. मी हसायचे. "मामा, भिंतीवर कॅलेंडर हाय ना," म्हणायचे. मामा म्हणजे सासरे, काळुराम. ते म्हणायचे, "खाडी तुजा कॅलेंडर वाचते काय गो?"

२००५ सालच्या जुलैत डोंगरातून पाणी उतरलं आणि समोरून भरती आली, तेव्हा आम्ही दोन दिवस शाळेच्या गच्चीवर होतो. खाली उतरलो तेव्हा घरातलं धान्य भिजून आंबलेलं, चुली वाहून गेलेल्या, आणि बांधाला खांड पडलेली. हा बांध म्हणजे आमच्या गावाचा जीव. त्याच्या बाहेर खाडीचं खारं पाणी आणि आत भाताची शेतं. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात मुरलं की तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही.

पण अजून सगळं गेलं नव्हतं. पाऊस चालू होता, आणि आत आलेलं मीठ पाऊस धुऊन काढत होता. नारळी पौर्णिमेचं उधाण यायच्या आत खांड बुजली, तर माळ्यावर वाचलेलं बियाणं मोड आणून फेकता आलं असतं. अर्धं तर अर्धं, पण पीक आलं असतं. मामा रोज हेच बोलत होते. जेवताना बोलत, तोंड धुताना बोलत, कुणी ऐकत नसलं तरी बोलत.

आता खांड काही कुठल्याही दिवशी बुजवता येत नाही. अमावास्या-पुनवेला पाण्याला उधाण असतं. अष्टमीला पाणी सगळ्यात नरम, आणि त्या दिवशीची ओहोटी भर दुपारी येते. त्याच ओहोटीत काम धरायचं आणि त्याच ओहोटीत संपवायचं. अर्धवट सोडलं तर भरतीचं पाणी उरलेल्या फटीतून असं घुसतं की होती त्याच्या दुप्पट खांड होते. पुरानंतरच्या पहिल्या अष्टमीला माणसं घरातला चिखल उपसत होती. उरली होती श्रावणातली शुद्ध अष्टमी. तिच्यानंतर सहाव्या दिवशी नारळी पौर्णिमा.

हे सगळं मला माहीत होतं का? होतं. बारा वर्षं या घरात भाकऱ्या थापल्या, कानावर पडत होतंच. पण कानावर पडणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोह्याचे मोरूभाऊ गुडघाभर चिखल तुडवत अंगणवाडीत आले. शांतिकुटी सेवा परिवार नावाची त्यांची मंडळी. रोह्याला कुंडलिका नदीच्या अंगाला त्यांचं मोठं सभागृह आहे, तिथे नामजप चालतो, आणि दर अष्टमीला अन्नदान. मोरूभाऊ शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पायजमा पोटरीपर्यंत चिखलाने माखलेला, पाठीवर दुधाच्या भुकटीची पोती. माझ्या अंगणवाडीतली पोरं भुकटी बोटाने चाटायला लागली तेव्हा ते तोंड फिरवून उभे राहिले. रडत होते. मी त्या दिवसांत पुष्कळ पुढारी, साहेब आणि फोटोवाले पाहिले होते. रडणारा हा पहिलाच.

"ताई, घरटी तांदूळ, डाळ, तेल, स्टोव्ह, दोन चादरी आणि एक ताडपत्री देऊ," ते म्हणाले. "फक्त एवढंच की दान गुरुमाउलींच्या समोर व्हायला हवं. नवरा-बायकोनं जोडीनं बसायचं, ओंजळीत पाणी घेऊन संकल्प करायचा आणि मग हातातून हातात. आमचा तसा नियम आहे. तेरा तारखेला, शनिवारी आणाल सगळ्यांना? रामवाडीपर्यंत ट्रक पाठवतो."

"आणते की," मी म्हणाले. असा आनंद झाला मला! त्याच दुपारी वही घेऊन घराघरात गेले, बेचाळीस घरांची नावं लिहून काढली. बांधाच्या कडेला झोपड्या असलेल्या केरूचं आणि त्याच्या वाडीतल्या कातकऱ्यांचं नाव मात्र लिहिता आलं नाही, कारण कुटीवाल्यांना रेशनकार्ड हवं होतं आणि त्यांच्यातल्या कुणाकडे ते नव्हतं. त्याचंही वाईट वाटलं, पण म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

घरी येऊन मामांना सांगितलं. ते कोयत्याला धार लावत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तिथी कंची गो त्या दिसाची?"

मी म्हणाले, "तेरा तारीख. शनवार."

"तिथी इचारतोय."

मी कॅलेंडरकडे गेले. तेराच्या चौकोनात बारीक अक्षरात अष्टमी लिहिलेलं होतं. दर अष्टमीला अन्नदान, हे मोरूभाऊंनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मला ती त्यांच्या देवाची अष्टमी वाटली. जशी काही देवाची एक आणि खाडीची दुसरी असते.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "जा, बदलून घे."

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले. मोरूभाऊंनी चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं. दिवस बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. गुरुमाउली लांबून येणार, आजूबाजूच्या नऊ गावांना निरोप गेलेले. पुढची खेप विचारली तर म्हणाले, "ताई, माल आज आहे. पंधरा दिवसांनी उरेल याचा शब्द कसा देऊ?" निम्मी माणसं पाठवते म्हटलं, तर म्हणाले जोडी हवीच. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की आमच्या गावाला सगळ्यात आधी बसवतील आणि दहाला सोडतील. "बाराच्या आत तुम्ही बांधावर," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

गावाची बैठक देवळात बसली. मामा म्हणाले, कुणी जायचं नाही. मग जी गलबल उठली ती उठली. जनू, जो एरवी मामांपुढे मान वर करत नाही, तो म्हणाला, "काका, माजी पोरा तीन दिस नुसती पेज पितात." आणि धोंडुबाई उभी राहिली. एकटी विधवा बाई, ना मूल ना बाळ, पण बांधावर दरवर्षी आपल्या हाताने चिखलाचे गोळे टाकणारी. ती म्हणाली, "कालू, बांध यंदाच्या दिवालीला जेवाला घालील. आज कोन घालील?"

मामा परत खाली बसले.

मग असं ठरलं. ज्या घरात तिसरं कामाचं माणूस आहे त्यांनी ते बांधावर ठेवायचं. अशी घरं निघाली वीस. बाकी बावीस घरांत कामाची दोनच माणसं किंवा धोंडुबाईसारखं एकटं, ती सगळी रोह्याला. आमच्या घराने आपल्या सामानावर पाणी सोडलं; मामा आणि माझा नवरा जगन दोघंही बांधावर, आणि नावं ओळखून सांगायला मी ट्रकमध्ये. खांड दोरीने मोजून घराप्रमाणे वाटे पाडले. हा आमच्या गावचा जुना रिवाज. ज्याचा वाटा त्यानेच भरायचा. दुसऱ्याच्या वाट्यात कुणी चिखलाचा गोळा टाकत नाही. टाकतात ते फक्त ज्या घरातलं शेवटचं माणूस गेलं, दिवा लावायला कुणी उरलं नाही, त्या घराच्या वाट्यात. म्हणून जित्या माणसाच्या वाट्यात गोळा टाकणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं.

मामांनी दोन्ही कडांचे वाटे राहणाऱ्या वीस घरांना दिले आणि मधले बावीस जाणाऱ्यांना. हिशोब बरोबर होता. कडा आधी बांधत यायचं, दहापासून बारापर्यंत. बाराला ट्रक येणार, पाणी थांबतं एकच्या सुमाराला, तेव्हा सगळ्यांनी मिळून मधलं तोंड बुजवायचं. "बाराला या," मामा ट्रककडे जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले. प्रत्येकाला वेगळं म्हणाले. मला दोनदा म्हणाले.

शनिवारी पहाटे रामवाडीला ट्रक उभा होता. सगळे आंघोळी करून आलेले, बायकांनी त्यातल्या त्यात कोरडी लुगडी नेसलेली. रस्ता पुराने खाल्लेला, तरी सातला रोह्यात पोचलो. मोरूभाऊंनी शब्द पाळला, आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. चहा-बिस्किटं दिली. सभागृह काय स्वच्छ! पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, उदबत्तीचा वास, एका बाजूला सामानाच्या थप्प्या, प्रत्येक थप्पीवर एक झेंडूचं फूल. इतक्या दिवसांनी कोरड्या जमिनीवर बसलो होतो, हे मी लपवणार नाही. जनूची बायको चादरीवरून नुसता हात फिरवत होती.

आठला जप सुरू झाला. नऊला गुरुमाउली यायच्या होत्या. साडेनऊ झाले. मोरूभाऊ येऊन म्हणाले, नागोठण्याच्या अलीकडे रस्ता बंद आहे, गाडी अडकली आहे. दहा झाले. मी म्हणाले, "भाऊ, आमचं तेवढं उरकून द्या."

"संकल्प माउलींच्याच समोर व्हायला हवा ना, ताई. येतीलच हं."

साडेदहा. बांधावर पहिला नारळ फुटला असणार. कडांचे गोळे पडायला लागले असणार. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, आणि मी जप करायचा सोडून त्याच्याकडे बघत होते. शेजारी धोंडुबाई. तिला घड्याळ कळत नव्हतं. तिने विचारलं, "पानी कवरा उतरला असंल गो?"

अकराला गुरुमाउली आल्या. थकलेल्या, पायाला सूज, पदर भिजलेला. सात तास गाडीत बसून आल्या होत्या, तरी आल्या आल्या सगळ्यांना हात जोडले. अशा बाईवर काय चिडायचं? मी मोरूभाऊंना गाठलं. आता माझा आवाज चढला होता. "भाऊ, एकला पाणी थांबतं. तिथं निम्मी माणसंच हायत. मधलं तोंड उघडं हाय. समजतंय का तुमाला?"

ते घाबरले. म्हणाले, "थांबा, मी स्वतः सांगतो." आणि खरंच व्यासपीठावर गेले, माउलींच्या कानाशी वाकले. त्या ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आलेले मला खालून दिसले. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी माइक हातात घेतला. "बाळांनो," त्या म्हणाल्या, "आपल्यात खारवेलीची लेकरं बसली आहेत. त्यांचा बांध फुटलाय. या घटकेला त्यांची माणसं पाण्यात उभी आहेत. आपण सगळे मिळून त्यांच्या बांधासाठी आणखी अकरा माळा जप करूया."

सातशे माणसांनी डोळे मिटले. आमच्यासाठी. इतक्या लोकांनी एकदम आमच्यासाठी काही केल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला किंचाळावंसं वाटत होतं. घड्याळ पुढे चाललं होतं आणि सगळं सभागृह घुमत होतं. आमची माणसंही डोळे मिटून बसली होती. मी गुडघ्यांवर सरकत जनूजवळ गेले. "भाऊजी, उठा. चला. एसटीने जाऊ."

त्याने डोळे उघडले. समोर सामानाच्या थप्प्या होत्या. त्या बघत तो म्हणाला, "रिकाम्या हातानी?"

मी पुढच्याकडे गेले, त्याच्या पुढच्याकडे गेले. कुणी नाही म्हणालं नाही आणि कुणी उठलंही नाही. एकाने विचारलं, "तू जातेस काय?" मी कशी जाणार? नावं ओळखून सांगायला मीच होते. मी उठले तर सगळ्या गावाचं सामान तिथेच राहिलं असतं. आमच्या ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा कुटीचाच, दाराशी माळ ओढत बसलेला. मी परत जागेवर येऊन बसले. आणि सांगते, मग मीही जप केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

साडेबाराला संकल्प. एकेक जोडी पुढे जाऊन बसायची, ओंजळीत पाणी, मंत्र, मग माउलींच्या हातून पहिली तांदळाची पिशवी, मागून स्वयंसेवक बाकीचं देणार. प्रत्येकाची विचारपूस. पोरं किती, घर उभं आहे का, रडू नकोस. आमचं गाव पहिलं, हा शब्दही त्यांनी पाळला. धोंडुबाई एकटी बसली तेव्हा माउलींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझी जोडी देवाशी." धोंडुबाई मला म्हणाली, "चांगली बाय हाय गो." तेव्हा दीड वाजून गेला होता.

सामान चढवून ट्रक सुटायला अडीच झाले.

त्या वेळी बांधावर काय झालं ते मला जगनने सांगितलं, तेही एकदाच. कडा झकास चढल्या. बारापर्यंत दोन्ही बाजूंनी कंबरेइतकी भिंत आली. बाराला सगळे रस्त्याकडे बघायला लागले. मधून पाणी जोराने उतरत होतं, ते हळूहळू मंदावलं. एकला थांबलं, अगदी ताटातल्या पाण्यासारखं. वीस घरांची माणसं हातात गोळे घेऊन उभी, आणि समोर बावीस मोकळे वाटे. कुणी पुढे होईना.

केरू आणि त्याची बायको पारी सकाळपासून त्यांच्याबरोबर राबत होती. त्यांचं आत एक पाऊलभर शेत नाही, बांधात वाटा नाही. पण बांध गेला तर झोपडी जाते म्हणून आली होती. केरूला या रिवाजाचं काही नव्हतं. तो छातीभर पाण्यात मधल्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "कालूदादा, टाकू का?"

मामा म्हणाले, "थांब. येतील."

थोड्या वेळाने तो परत म्हणाला, "टाकू का, दादा?"

मामा रस्त्याकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्यांच्याबरोबर बांध धरला ती बावीस घरं जिती होती. त्यांच्या वाट्यात गोळा टाकायचा म्हणजे... दोनला पाण्याने तोंड फिरवलं. पहिली बारीक धार आत आली. तेव्हा मामा स्वतः उतरले, हातातला गोळा त्यांनी धोंडुबाईच्या वाट्यात टाकला आणि ओरडले, "टाका सगली!" सगळ्यांनी टाकले. वेड्यासारखे टाकले. पण वीस घरांचे हात आणि चढतं पाणी. गोळा टाकला की पाणी उचलून आत नेत होतं. तीनला मधलं तोंड फुटलं आणि जाताना सकाळी बांधलेल्या दोन्ही कडा घेऊन गेलं. केरूच्या पायावरून दगड गेला. पारीने त्याला केसांना धरून ओढून काढलं.

आम्ही सव्वाचारला पोचलो. डोक्यावर पिशव्या घेऊन बांधाकडे गेलो, कारण घराकडे जायचं कुणाच्या मनातच आलं नाही. खाडी आत चालली होती. सकाळच्या दुप्पट रुंद, निवांत, जशी काही तिची नेहमीची वाट. बांधावरची माणसं चिखलात बसली होती. आम्हाला बघून कुणी शिवी दिली नाही. जनूने पिशवी खाली ठेवली, परत उचलली, परत खाली ठेवली.

धोंडुबाई पुढे गेली. तिचा वाटा कुठला हे दोरीच्या खुंटीवरून कळत होतं. तिथे चिखलाचे चार गोळे अजून टिकून होते, बाकी पाणी.

"कुनी टाकला?" तिने विचारलं.

"मी," मामा म्हणाले.

"मी जिती हाय, कालू."

"ठावं हाय."

"मंग कशाला टाकला?" आणि मग हळू आवाजात, "टाकाचाच व्हता तर येलेवर तरी टाकाचा."

मामांनी मान खाली घातली. मी माझ्या सासऱ्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला पुढे होऊन म्हणायचं होतं की मी कॅलेंडर बघितलं नाही, यांना काही बोलू नका. पण मी मागेच उभी राहिले. धोंडुबाई तिथेच बसली आणि तिने पिशवीचं तोंड सोडलं. पारी केरूचा पाय धरून बसली होती. तिच्या पदरात धोंडुबाईने अर्धे तांदूळ ओतले. पारीने मोजले नाहीत, आभार मानले नाहीत, पदराला गाठ मारली.

"सरू," मामा म्हणाले, "भात टाक गो. सगली उपाशी हायत."

देवळाच्या पडवीत मी आणि बायकांनी मोठं पातेलं चढवलं. तांदूळ चांगला होता. जुना, वासाचा, मोकळा शिजणारा. असा भात पुरानंतर कुणी खाल्ला नव्हता. सगळे जेवले. पोरं तर परत परत मागत होती आणि हसत होती. मामाही जेवले, सगळ्यांच्या शेवटी, पान स्वच्छ करून. मी त्यांना वाढत होते आणि मला स्वतःची चीड येत होती.

सहाव्या दिवशी नारळी पौर्णिमेचं उधाण आलं. गावाने नारळ वाहिला, तो तरंगत खांडीतून आमच्याच शेतात आला. त्या उधाणात बांधाचा एवढा तुकडा गेला की ते माणसांच्या हातचं काम राहिलं नाही. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, पावसाळ्यानंतर मशीन लावून बघू. मामांनी माळ्यावरचं बियाणं उतरवलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "दळून आन," म्हणाले. मी ते पेणला नेऊन दळून आणलं. बियाण्याच्या भाकऱ्या पाच-सहा दिवस पुरल्या.

त्या संपतात तोच, गोकुळाष्टमीला, रामवाडीला परत ट्रक आला. मोरूभाऊंनी निरोप धाडला होता, या वेळी माल पुष्कळ आहे, जोडी नसली तरी चालेल, ज्यांना मागच्या वेळी मिळालं नाही त्यांनी जरूर यावं. कातकरीवाडीची नावंसुद्धा त्यांनी घेतली होती. मी म्हटलं ना, माणसं चांगली होती.

मी पहाटे निघाले तर अंगणात मामा उभे. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, खांद्यावर रिकामी पिशवी. अष्टमीच्या दिवशी ते बांध सोडून कुठे गेल्याचं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. ट्रकमध्ये त्यांनी सगळ्यांच्या आधी चढून जागा धरली.

सभागृहात ते पुढच्या रांगेत मांडी घालून बसले. सांगितलं तेव्हा डोळे मिटले, सांगितलं तेव्हा ओंजळ पुढे केली. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. बाराच्या सुमाराला मोरूभाऊ सामान देत देत आमच्यापाशी आले. मामांना त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, गेल्या अष्टमीला दिसला नाहीत तुम्ही?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

मामांनी तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"त्या दिशी काम व्हता," ते म्हणाले. "आता नाय."